मोटारीचे बुश : घरी काय करावे, कोठे थांबावे



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, हुमणी सोडून मोटारीच्या बुशवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु गटागटांतून फिरताना एक गोष्ट सारखी नजरेस येते. पूर्वी गावात एखादीच जीप असे. आता वाडी-वस्तीवर दाराशी मोटार किंवा पिकअप उभी दिसते. ट्रॅक्टरची निगा आपले लोक चांगली ठेवतात, कारण तो कमावतो. मोटारीला मात्र धुणे आणि तेल भरणे यापलीकडे कोणी विचारीत नाही. खालून खटखट वाजू लागली तर “रस्ताच तसला आहे” असे म्हणायचे आणि पुढे जायचे.

ती खटखट पुष्कळदा रस्त्याची नसते, झिजलेल्या रबरी बुशची असते. जुने बेणे वर्षानुवर्षे वापरले की उतार एकदम पडत नाही, दरसाल थोडा थोडा घटतो आणि आपल्याला त्याची सवय होऊन जाते. बुशचेही असेच आहे. मोटार चालत राहते, परंतु टायर एका अंगाने खाल्ला जातो, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, आणि एखाद्या पावसाळ्या रात्री घाटात, मुलेबाळे आत असताना, स्टेअरिंग हवे तसे वळत नाही. बुशची किंमत शेकड्यांत, टायरची हजारांत. माणसाची किंमत मी सांगायला नको.

या कामातील बराच भाग घरी करता येण्यासारखा आहे, आणि काही भाग घरी मुळीच करू नये असा आहे. यांतील सीमारेषा कोठे आहे, आणि घरचे काम टिकायचे असेल तर कोणती एक गोष्ट चुकवून चालत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

बुश म्हणजे काय?

विहिरीवरच्या इंजिन-पंपाचे कपलिंग आपण सर्वांनी खोललेले आहे. दोन तबकड्यांच्या मध्ये बोल्टवर रबराचे तुकडे बसवलेले असतात. इंजिनचा हिसका थेट पंपाच्या दांड्यावर जाऊ नये म्हणून ते रबर मार खाते. रबर झिजले की कपलिंग खडखडते, आणि तसेच चालवले तर बेअरिंग जाते. मोटारीच्या सस्पेन्शनमधील बुश याच जातीचा आहे.

मोटारीचे पुढचे चाक एका लोखंडी हाताने सांगाड्याला जोडलेले असते. त्याला मिस्त्री लोक ‘लोअर आर्म’ म्हणतात. खड्डा आला की चाकाबरोबर हा आर्म वर-खाली होतो. आर्म जेथे सांगाड्याला जोडला आहे तेथे बुश असतो. बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी लहान नळी, आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेले रबर, अशी त्याची रचना. बाहेरची नळी आर्मच्या भोकात ठासून बसते. आतली नळी बोल्टने सांगाड्याशी आवळली जाते. आर्म हलला की यांपैकी कोणतीही नळी घसरत नाही. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. ओला कपडा पिळून सोडावा तसे. हे पिळणे नीट ध्यानात ठेवावे, पुढची सगळी मेख त्यात आहे.

येथेच एक सावधगिरी. आपल्या लोकांना सांधा दिसला की ग्रीस मारायची सवय आहे, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीपुरती ती चांगली आहे. जुन्या जीपच्या शॅकलला ग्रीसचे निपल असे, कारण तेथे लोखंडावर लोखंड फिरे. रबरी बुशला मात्र ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतले काहीही लावू नये. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि चिकटवलेल्या जागेतून सुटते. वाजणाऱ्या बुशवर जळके ऑइल सोडले की आवाज चार दिवस बंद होतो आणि बुशचे आयुष्य कायमचे संपते. इंजिनमधून ऑइल गळून खालच्या बुशवर पडत असेल तर आधी ती गळती काढावी.

घाटकोपरमध्ये पाहिलेले काम

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी कारखान्याच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले. मध्ये रविवार आला म्हणून घाटकोपर पश्चिमेस आपल्या एका सभासदांच्या चिरंजीवांकडे मुक्काम केला. आपल्या भागातील कितीतरी घरांतला एक तरी माणूस घाटकोपर, भांडुप, विक्रोळीकडे आहे. सणासुदीला त्यांच्या मोटारी गावाकडे येतात, आणि आपल्या मोटारी लग्नकार्याला, दवाखान्याला तिकडे जातात. म्हणून तेथे पाहिलेले येथे सांगण्यासारखे वाटते.

घाटकोपर आणि मोटार यांचा संबंध जुना आहे, आणि त्यात आपल्या साखर धंद्याचाही धागा आहे. कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर ही लागोपाठची स्टेशने. पूर्वीचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, कुर्ल्याहून घाटकोपरवरून पुढे ठाण्याकडे जातो. या कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटार कारखाना होता. ही कंपनी १९४४ साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे मूळचे सोलापूरचे. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे साखर उद्योग उभारणारे तेच. ऊस आणि मोटार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने हाती घेतल्या होत्या.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि १९७४ पासून तिचीच पुढची आवृत्ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे होते. पुढे आर्म आणि स्प्रिंग, मागे पाटे, अशी तिची साधी बांधणी. टॅक्सीवाले आणि गल्लीतले मिस्त्री ती रस्त्याच्या कडेला खोलून दुरुस्त करीत. पद्मिनीचे उत्पादन पुढे बंद पडले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. पण गाडीखाली शिरून स्वतः पाहण्याची सवय त्या भागात अजून टिकून आहे. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आजही आहेत.

आमचे यजमान एका कंपनीत देखभाल विभागात आहेत. त्यांच्या छोट्या मोटारीला पुढून खटखट येत होती. ते म्हणाले, “साहेब, मागच्या दिवाळीत गावाला यायच्या आधी एका गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंचे बुश नवे टाकले. पावसाळा संपेपर्यंत पुन्हा आवाज सुरू. आता ते म्हणतात, आर्मच बदला. मी म्हटले, आधी खोलून बघू.”

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात त्यांनी काम काढले. घाटकोपरच्या त्या भागात चढ फार, आवारही उताराचे. त्यांनी गाडी पुढे-मागे करून सपाट जागा धरली, मगच जॅक लावला. आर्म काढून हातात घेतला तेव्हा प्रकार उघड झाला. बाहेरची नळी जागच्या जागी घट्ट होती, रबरही नवेच दिसत होते, परंतु आतल्या नळीभोवती रबर गोल फाटले होते. कोणी पाचर घालून सोडवावे तसे. आर्म मात्र सरळ आणि शाबूत होता.

नवा बुश वर्षाच्या आत असा का फाटला? बोल्ट आवळला तेव्हा गाडी जॅकवर होती आणि चाक लोंबकळत होते, हे त्याचे कारण. चाक लोंबत असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत आतली नळी आवळून टाकली की रबराला तीच आपली मूळ जागा वाटते. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडले, आर्म वर गेला, की रबर पिळले जाते. गाडी नुसती उभी असतानाही ते पिळलेलेच राहते. त्यावर प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ बसतो. कपडा पिळून तसाच धरून ठेवावा आणि वर आणखी पिळावा, तर धागा तुटणारच.

म्हणून बुशच्या कामात एकच नियम पाठ करावा : बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाके जमिनीवर टेकलेली असताना, गाडीचे पूर्ण वजन सस्पेन्शनवर असताना. बाकी सगळे नीट करून एवढे चुकले तर काम वाया जाते. हे एवढे सांभाळले तर साधा बुशही पुष्कळ चालतो.

त्यांनी तसेच केले. गल्लीतला प्रेसवाला दुपारपर्यंत दुकान उघडे ठेवीत असे. त्याच्याकडून नवे बुश ठासून आणले, आर्म चढवले, आणि बोल्ट गाडी जमिनीवर आल्यानंतर आवळले. दुपारच्या जेवणाला थोडा उशीर झाला, एवढेच. दिवाळीला ते त्याच गाडीने सहकुटुंब गावी आले. येताना मानखुर्द ओलांडून वाशीच्या पुलावरून, पुढे द्रुतगती मार्गाने आणि घाट चढून असा सगळा प्रवास, गाडी सरळ धरून चालली.

बुश गेला हे ओळखावे कसे?

१) कान : गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून सावकाश जाताना खालून ‘खट’ असा एक ठोका येतो. जोरात चालवताना तो ऐकू येत नाही, म्हणून काचा खाली करून हळू चालवून पाहावे.

२) हात : सरळ, मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग एका बाजूला ओढते, किंवा सरळ रस्त्यावर गाडी ‘हिंडते’.

३) टायर : आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झीज जास्त. टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाक तिरके घासते आहे असे समजावे.

४) डोळे : बॅटरीच्या उजेडात बुश पाहावा. रबराला आरपार चिरा, आतली नळी मधोमध न राहता एका कडेला बसलेली, किंवा आजूबाजूस रबराचा काळा चुरा, यांतले काही दिसले तर बुश संपला. रबराच्या पृष्ठभागावरील बारीक सुरकुत्यांना मात्र घाबरू नये.

५) टॉमी : आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये टॉमी घालून बेताने रेटावे. रबर थोडे दबणारच, तो त्याचा धर्म आहे. पण लोखंडावर लोखंड आपटले किंवा आर्म सैल फिरला तर बुश बदलावा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. अशीच खटखट स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची, बॉल जॉइंटची किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचीही असते. ते आधी तपासावे. रोग हुमणीचा आणि औषध करप्याचे, असे होऊ नये.

कोणते काम घरचे, कोणते मिस्त्रीचे?

घरी करण्याजोगे पहिले काम स्टॅबिलायझर बारच्या बुशचे. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा हा आडवा दांडा असतो. त्याचे बुश एका बाजूने चिरलेले असतात, त्यामुळे दांडा न काढता बसवता येतात. दोन बोल्टची पट्टी काढायची, जुना बुश चिरेतून उघडून काढायचा, दांडा घासून पुसायचा, नवा बुश साबणाच्या पाण्याने ओला करून त्याच दिशेने बसवायचा. काम करताना दोन्ही चाके सारख्या उंचीवर असावीत. एकच बाजू उचलली तर दांड्याला पीळ बसून पट्टी जुळत नाही. लिंक रॉड बदलण्याचे कामही याच जोडीचे.

अर्धे घरी, अर्धे दुकानात असे काम लोअर आर्मच्या बुशचे. आर्म काढणे-चढवणे घरी जमते. बुश काढणे-ठासणे प्रेसवर करावे. तालुक्याच्या गावी कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडे प्रेस असतो. हातोड्याने ठोकून बुश बसवू नये, नळी वाकडी होते. जुना बुश काढण्यासाठी रबर पेटवून देण्याचा प्रकार तर अजिबात करू नये. धूर विषारी, आणि उष्णतेने आर्मचे लोखंड कमजोर होते.

घरी हात लावू नये अशी कामे पुढीलप्रमाणे. शॉकॲब्सॉर्बरवर गुंडाळलेल्या स्प्रिंगचे वरचे नट कधीही खोलू नयेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर गोळीसारखी येते. जुन्या पद्मिनीसारख्या गाड्यांत, जेथे दोन आर्मच्या मध्ये स्प्रिंग दाबलेली असते, तेथेही आर्म खोलणे मिस्त्रीकडेच. टॉर्शन बारच्या गाड्यांचे तसेच. गाडीची हमी चालू असेल तर घरी खोलाखोल न करता अधिकृत दुकानातच न्यावी.

जॅकवर विश्वास ठेवू नका

या परिच्छेदाकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. तेलाच्या जॅकचे वॉशर एका क्षणात दगा देते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण.

जमीन सपाट आणि कठीण हवी. काळ्या मातीत किंवा ओल्या अंगणात जॅक आणि घोडी हळूहळू खचते; मुरमाच्या किंवा सिमेंटच्या जागेवरच काम करावे. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकावी आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी द्याव्यात. गाडी उचलली की सांगाड्याच्या मजबूत भागाखाली लोखंडी घोडी ठेवून वजन तिच्यावर सोडावे. विटा, दगड, पोकळ ब्लॉक यांचा आधार देऊ नये. ते न सांगता फुटतात. काढलेले चाक बाजूला न ठेवता गाडीखाली आडवे सरकवावे, म्हणजे प्रसंगी तेवढी पोकळी तरी राहते. खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. लहान मुलांना दूर ठेवावे, आणि एकट्याने हे काम करू नये.

लोअर आर्मचे काम, क्रमाक्रमाने

साहित्य : जॅक, दोन घोड्या, चाकाचा पाना, रिंग व बॉक्स पान्यांचा संच, टॉर्क पाना, टॉमी, हातोडी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे तेल, ऑइल पेंट, पट्टी.

१) आदल्या रात्री बोल्टच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. रबरावर उडू देऊ नये. उडाले तर लगेच पुसावे.

२) चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. मग वर सांगितल्याप्रमाणे गाडी उचलून घोडीवर घ्यावी आणि चाक काढावे.

३) स्टॅबिलायझरची जोडणी सोडवावी, नंतर बॉल जॉइंट. बॉल जॉइंटची टोपी फाटू देऊ नये. ती फाटली तर धूळ-पाणी शिरून नवेच दुखणे लागते. चाकाचा भाग ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तारेने वर बांधावा. सेन्सरची वायर असल्यास तिच्यावर ताण येऊ देऊ नये.

४) आर्म काढण्यापूर्वी किंवा काढल्यावर लगेच, बुश कोणत्या दिशेने बसला आहे याची पेंटने खूण करावी. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावे म्हणून ती योजना असते. दिशा बदलली तर नवा बुश लवकर फाटतो आणि गाडीही नीट चालत नाही. बुश भोकात किती आत आहे तेही पट्टीने मोजून लिहून ठेवावे.

५) प्रेसवाल्याजवळ स्वतः उभे राहावे. दाब बाहेरच्या नळीवर दिला पाहिजे, आतल्या नळीवर किंवा रबरावर नाही. आतल्या नळीवर दाबले की चिकटवण तेथेच सुटते आणि नवा बुश दुकानातच जुना होतो. भोक आधी घासून स्वच्छ करावे. खुणा जुळवूनच बुश ठासावा.

६) आर्म चढवावा, सर्व बोल्ट घालावेत, पण बुशचे बोल्ट हाताने लागतील एवढेच लावावेत. बॉल जॉइंटचा नट मात्र येथेच नीट आवळावा. नायलॉनच्या कड्याचे नट पुन्हा वापरू नयेत, नवे घ्यावेत.

७) चाक बसवून गाडी जमिनीवर घ्यावी. चाकाचे नट पक्के आवळावेत. पुढची बाजू हाताने दाबून चार-पाच वेळा झुलवावी आणि थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसते.

८) आता बुशचे बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत. हीच ती मुख्य गोष्ट. चाके जमिनीवर असताना पाना पोचत नसेल तर दोन्ही चाके मजबूत रॅम्पवर चढवून किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी नेऊन आवळावेत. तेही जमत नसेल तर गाडी सावकाश जवळच्या मिस्त्रीकडे नेऊन एवढे काम करून घ्यावे. त्याला लागलेच तर पाच-दहा मिनिटे लागतील. पण लोंबत्या चाकावर आवळू नये, आणि ढिल्या बोल्टवर लांबचा प्रवास तर मुळीच करू नये.

९) काम दोन्ही बाजूंचे जोडीने करावे. एक बाजू नवी आणि एक जुनी राहिली तर गाडी ओढते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर टायर वाचवण्यासाठी केलेला खर्च टायरच खाऊन टाकतो. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट एकदा तपासावेत.

जीप, पिकअप आणि ट्रेलरचे पाटे

आपल्याकडे पिकअप आणि जीप जातीच्या गाड्या पुष्कळ. त्यांच्या मागच्या बाजूस पाटे असतात. पाट्याच्या एका टोकाला साधा पिन आणि दुसऱ्या टोकाला शॅकल, या दोन्ही ठिकाणी बुश असतो. शॅकलचे रबर दोन अर्ध्या तुकड्यांचे असेल तर माहितगार माणूस सोबतीला घेऊन ते घरी बदलता येते. सांगाडा घोड्यांवर, आणि ॲक्सल जॅकने स्वतंत्र तोललेला, असे करून एका वेळी एकच बाजू खोलावी. पाट्यांचा मधला बोल्ट खोलू नये. येथेही पिन आणि शॅकलचे रबरी बुश आवळायचे ते वजन पाट्यावर आल्यानंतरच. पाट्याच्या डोळ्यात ठासून बसवलेला बुश असेल तर तो मिस्त्रीकडून करून घ्यावा.

ज्या ऊस ट्रेलरना पाटे आहेत त्यांच्या मालकांनीही हंगामापूर्वी शॅकल पाहून घ्यावेत. बुश झिजलेल्या बाजूला ॲक्सल मागे सरकतो आणि ट्रेलर तिरका ओढला जातो. मागून पाहिले तर चाके एका रेषेत धावत नाहीत. भरलेला ट्रेलर, रात्रीची वेळ आणि अरुंद रस्ता हे तिन्ही एकत्र आले म्हणजे काय होते ते आपण जाणतोच. ट्रेलरच्या लोखंडी बुशला मात्र ग्रीस हवेच, आणि ते नियमित हवे. रबर आणि लोखंड यांतला हा फरक घरातल्या पोरांना आणि ड्रायव्हरला समजावून सांगावा.

बुश घेताना

गाडीचे मॉडेल आणि साल सांगून, जुना बुश हातात घेऊन दुकानात जावे. आतली नळी बरोबर मधोमध आहे का, रबर नळीला सगळीकडून चिकटले आहे का, हे पाहावे. रबर नुसते पडून राहिले तरी जुने होते, म्हणून कडक झालेला, चिरा पडलेला बुश नव्या डबीत असला तरी घेऊ नये. भंगारातून दरवाजा, दिवा, जॅक घेतला तर पैसे वाचतात. बुश मात्र कधीही वापरलेला घेऊ नये. पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते दणकट असतात, पण हादरे जास्त देतात, आणि त्यांना त्यांचेच ठरलेले ग्रीस लागते. घरच्या गाडीला कंपनीचा मूळ रबरी बुश पुरेसा आहे.

शेवटी एक सूचना. पावसाळा संपला आणि मोळीपूजनाला अजून अवकाश आहे, असा आठ-पंधरा दिवसांचा काळ आपल्याला मिळतो. त्या दिवसांत प्रत्येकाने आपली मोटार एकदा खालून पाहावी. बॅटरी, टॉमी आणि अर्धा तास एवढेच लागते. काही दिसले तर वर सांगितल्याप्रमाणे घरचे ते घरी करावे, मिस्त्रीचे ते मिस्त्रीकडून करून घ्यावे. गॅरेजमध्ये करून घेतले तरी “बोल्ट चाके जमिनीवर ठेवून आवळा” एवढे स्वतः उभे राहून सांगावे. मुंबई-पुण्याकडील आपल्या मुलाबाळांनाही हा अंक वाचून झाल्यावर पाठवावा.

हंगाम सुरू झाल्यावर तोडणी, वाहतूक, टोळ्या, फेऱ्या यांच्या धांदलीत मोटारीकडे पाहायला कोणालाच सवड होत नाही. म्हणून आत्ताच पाहून घ्यावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी